चित्र पाहून मी फक्त गुड म्हणाले

बाळांनो,

हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिला मराठी वाचता येतं, पण सावकाश, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. मागच्या दोन्ही रविवारी तिचा फोन आला. धाकट्याशीही बोलणं झालं, पण ताई काही पडद्यावर आली नाही. "होमवर्क करते आहे," असं तुमची आई म्हणाली. तेवढ्यात मागून धाकटा ओरडला, "आजी, ताई तुझ्यावर मॅड आहे!"

मग तुमच्या आईनं खरं काय ते सांगितलं. "आई, तिनं तुझ्यासाठी खपून एवढं चित्र काढलं आणि तू नुसतं गुड म्हणालीस. तिच्या शाळेत गुड म्हणजे जेमतेम. खरंच आवडलं असेल तर त्याच्या वरचे शब्द वापरतात."

मी इंग्रजी घेऊन बी. ए. केलेली बाई. त्याच्या वरचे शब्द मलाही ठाऊक आहेत. पण आमच्या घरात हा शब्द पुस्तकातून आला नव्हता. तो कारखान्यातून आला, आणि त्याला घरात ठेवून घेतलं तुमच्या पणजीनं. ताईला हे फोनवर सांगितलं असतं, पण ती फोनवर येत नाही. म्हणून हे लिहिणं.

तेव्हा आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी रायपूरची, तुमचे आजोबा भंडाऱ्याकडचे. ते रोलिंग मिलमध्ये होते. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, गाव सोडून आमच्याकडे आल्या तेव्हा एक नियम बरोबर घेऊन आल्या. घरातल्या माणसाला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. त्यांचा थोरला मुलगा लहानपणीच तापानं गेला होता. त्याच्या आदल्या दिवशी विहिरीवर एक बाई त्याला "काय देखणं पोर" म्हणाली होती. त्या बाईचा चेहरा सासूबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. त्यामुळे तुमची आई जन्मली तेव्हा आमच्याकडे "काळी आहे", "किरकिरी आहे" एवढंच बोललं जाई. कुणी चुकून कौतुक केलंच, तर सासूबाई लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकत.

मिलमध्ये बिघाड दुरुस्त झाला, काम सुरू झालं, की आजोबांचे साहेब जाता जाता "गुड" म्हणत. त्या एका शब्दावर माणसं खूश होऊन घरी येत. तुमची आई पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर चालत दारापर्यंत गेली, तेव्हा आजोबा शिफ्टवरून येऊन बूट काढत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गुड!"

सासूबाई उठल्याच. "कावून रे, पोरीले काय म्हणून राहिला?"

"माय, इंग्रजीत म्हटलं ना," आजोबा हसत म्हणाले. "नजरेले इंग्रजी समजते का?"

सासूबाईंनी हातात घेतलेली मोहरीची डबी परत फळीवर ठेवली. त्यांना ते पटलं. गावाकडची नजर इंग्रजी शिकलेली असणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात गुड म्हणायला मोकळीक मिळाली.

आणि मग सासूबाईंनीच तो शब्द सगळ्यांत जास्त वापरला. "आज नळाले पाणी गुड आलं." "वांग्याची भाजी गुड झाली, मीठ तेवढं कमी आहे." शेजारच्या तेलुगू बाईंना त्या माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "हमारी सून गुड है, पर बोलती ज्यादा है." मी एकदा त्यांना म्हटलं, आई, चांगल्याचेही प्रकार असतात, इंग्रजीत आणखी शब्द आहेत. त्या म्हणाल्या, "तुह्या कॉलेजातले शब्द तुह्यापाशी ठेव वो. मले एक पुरते."

मीही एकावरच थांबले. मला कुणी विचारलं असतं तर दृष्ट-बिष्ट मी मानत नाही असंच सांगितलं असतं. पण पोटच्या पोरीच्या बाबतीत परीक्षा कोण पाहणार?

तुमची आई शाळेत असताना सेक्टर १० मध्ये गणपतीच्या कार्यक्रमात गायली. फार सुंदर गायली. ती स्टेजवरून उतरून थेट माझ्याकडे धावत आली. "आई, कसं झालं?"

"गुड," मी म्हणाले.

"बस? गुड?"

तेवढ्यात तिच्या मैत्रिणीच्या आईनं तिला जवळ ओढलं, "अरे, कितना मीठा गाया रे तूने!" आणि ती त्यांच्याकडे मान वर करून बघत राहिली. पुढेही ती पुष्कळ गायली. पण कसं झालं, हे तिनं मला पुन्हा विचारलं नाही. आता मी ते सांगायला गेले तर ती हसून म्हणते, "जाऊ दे गं आई."

आजोबांचंही तसंच. माझ्या हातचं जेवून ताट सरकवताना ते "गुड" म्हणायचे. एवढ्या वर्षांत नेमकं काय आवडलं, कोणती आमटी, कोणती साडी, ते मला कळलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

तर ताई, तुझं चित्र. तू आपलं रिसालीचं घर काढलंस, मी आता राहते ते. फाटक काढलंस आणि त्याची वाकडी कडी काढलीस. ती कडी वाकडी आहे हे मलाच आठवत नव्हतं. पेरूची दोन्ही झाडं काढलीस. मागचं आभाळ तू नारिंगी रंगवलंस. तू इथे आली होतीस तेव्हा रात्री भट्ट्यांमुळे कारखान्याकडचं आभाळ असं उजळलेलं पाहून "आग लागली!" म्हणत माझ्या पदरात शिरली होतीस. ते तू जपून ठेवलंस. आणि ओट्यावर मला बसवलंस, माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवलीस. मी त्या खुर्चीकडेच बघत राहिले. गुड तेवढं म्हणता आलं. फोन ठेवल्यावर मी काय केलं माहीत आहे? पडद्यावरचं तुझं चित्र पुन्हा उघडलं आणि फोनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मोहरीचे दोन दाणे चार्जरच्या भोकात गेले.

चित्र अतिशय सुंदर आहे. हे मी मराठीत लिहिते आहे, सरळ, आणि आज काही ओवाळणार नाही. तुझ्या हातात कला आहे. मला ते चित्र फार आवडलं.

सेक्टर २ चं क्वार्टर सुटलं. तुमची पणजी गेली, आजोबा गेले. पेरूचं एक झाड मागच्या पावसात पडलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. दुसरं उभं आहे. तुमच्या आईचा फोन अजून दर रविवारी येतो.