शाफ्ट चार बोटं कापला असता तर

वडिलांच्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरचं मागचं हौसिंग, म्हणजे गिअरवरचं लोखंडी कवच, आज सकाळी फुटलं. नायगावच्या मिस्त्रीनं दुपारी येऊन, ऑइल पुसून तडा दाखवला.

वाटणीत ट्रॅक्टर मला आला, रोटाव्हेटर दादाला. दादानं पुढं मोठा ट्रॅक्टर घेतला, त्याला रोटाव्हेटर जोडायला मधला फिरता दांडा, शाफ्ट, लांब बसवला आणि जुना आखूड शाफ्ट भंगारात दिला. हा लांब शाफ्ट कापल्याशिवाय माझ्या ट्रॅक्टरला चालत नाही, म्हणून काल रोटाव्हेटर मागताना कापू का, असं विचारलं.

"कापायचा न्हाई," दादा म्हणाला. "मग माझ्या ट्रॅक्टरला काय तुझा हात लावू?"

दुष्काळात विहिरीतलं उरलंसुरलं पाणी मी अर्ध्या एकराला दिलं होतं, दोन म्हशींच्या चाऱ्यासाठी मका पेरायला. ओल दोनच दिवस टिकणार होती. वाद नको म्हणून शाफ्ट तसाच जोडला.

पहिली फेरी चांगली गेली. शेताच्या कडेला धुऱ्यावर वळताना रोटाव्हेटर उचलला, तर शाफ्टला आत सरकायला जागाच नव्हती; तो थेट हौसिंगवर रेटला. काडकन आवाज झाला.

"भाऊ, जमिनीसंगं अक्कल बी वाटून घेतली का?" मिस्त्री म्हणाला.

दादाला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, "माझ्या रोटाव्हेटरला काही झालं न्हाई ना?"

तुमच्याकडे भावाभावांत अवजारं कशी वाटली, सांगा.

उद्या सकाळी दादा रोटाव्हेटर घेऊन जाईल. मिस्त्रीला आठवडाभर सवड नाही. तोवर रान वाळेल, आणि पुढच्या बाजाराला म्हशी न्याव्या लागतील.