ओहोटीच्या तरीचा रिपोर्ट

"तुमच्या मुलांच्या रिपोर्टाप्रमाणे आपल्या खाडीला ओहोटीच येत नाही, मास्तर," हेडमास्तर म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवले.

कागदाच्या कडेला बंदराच्या साहेबाने पेन्सिलीने एवढंच खरडलं होतं: हस्ताक्षर उत्तम, इंग्रजी उत्तम, पण मी आता करायचं काय ते यात कुठेच नाही. आठवड्याभरात पुन्हा लिहून पाठवा, नाहीतर मक्तेदाराचं म्हणणं मान्य करतो.

मी मनात म्हटलं, झाली का पंचाईत! आणि पंचाईत माझी नव्हती, सहावीतल्या यमुनेची होती.

मी तेव्हा रत्नागिरीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीवर येईपर्यंत खारं पाणी पाहिलं नव्हतं. शाळेतली बरीच मुलं खाडीपलीकडून तरीने येत. तर म्हणजे माणसं ऐलपैल नेणारी मोठी होडी. ती चालवायचा मक्ता दरसाल कुणीतरी घेई, आणि प्रत्यक्ष होडी वल्हवायला त्याचा तांडेल असे. आमच्या तरीचा तांडेल धोंडूतात्या. मक्ता दुसऱ्याचा, पण होडीत हुकूम याचा.

त्या साली मक्तेदाराने अर्ज केला की, ओहोटीला धक्क्यापुढे वाळू उघडी पडते, तर रुतते, सबब पाणी उतरलं की तर बंद ठेवायची परवानगी मिळावी. ऐकायला साधी गोष्ट. पण भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. कधी शाळा भरायच्या वेळेला खाडी रिकामी, कधी सुटायच्या वेळेला. मुलगे एक वेळ वळसा घालून, चिखल तुडवून आले असते. यमुनेचे वडील अप्पा मात्र स्पष्ट बोलले होते. त्यांची पलीकडे नारळ-पोफळीची बाग होती. मुलीला इंग्रजी शाळेत घातल्याबद्दल निम्म्या गावाने त्यांना नावं ठेवली होती, ती त्यांनी मुकाट गिळली. पण ते मला म्हणाले, "शाळा सुटल्यावर पोर या तीरावर भरतीची वाट बघत बसणार, आणि मी त्या तीरावर जीव मुठीत धरून? ते जमायचं नाही हो. तर बंद झाली तर शाळा बंद."

साहेबाने मक्तेदाराला लगेच हो म्हटलं नाही, हे त्याचे उपकार. जे रोज ये-जा करतात त्यांनी लेखी कळवावं, असं त्याने सांगितलं. हेडमास्तरांनी ठरवलं की रिपोर्ट मुलांनीच लिहायचा, आणि तोही इंग्रजीत. "मराठीत दिला तर कारकून भाषांतर करताना त्याचा पार चोथा करतील," ते म्हणाले. "साहेबाच्या डोळ्यांना थेट भिडू दे."

आणि मुलांनी काय लिहिलं? सुरुवात 'वी मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट' अशी. मग साहेबाच्या दीर्घायुष्याची इच्छा. मग नौकानयनाचं महत्त्व, मग खाडीचं सृष्टिसौंदर्य, मग तरीचे फायदे. तोटे कोणतेही नाहीत. तर नेहमी वेळेवर असते, कधी रुतत नाही, सर्व उतारू सुखी आहेत. पहिलं अर्धं पान अर्जाचं, पुढचं दीड पान निबंधाचं. रिपोर्ट कुठे आहे ते दिवा घेऊन शोधावं.

तास सुरू झाल्यावर मी कागद टेबलावर आपटले.

"अरे, निबंध वाचून माणूस 'वा' म्हणतो. अर्ज वाचून त्याला दया आली तर येते. रिपोर्ट वाचून त्याला उठून काहीतरी करता आलं पाहिजे. साहेबाने काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"तर चालू ठेवावी," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"मग हे वाक्य कुठे आहे?"

"शेवटी आहे, सर."

"शेवटी! साहेबाच्या टेबलावर असे ढीगभर कागद पडतात. तो काय तुमची कथा संपेपर्यंत मांडी घालून बसणार आहे? ते वाक्य आधी. सृष्टिसौंदर्य पुसून टाका. त्याच्या बंगल्यातून त्याला ते रोज फुकट दिसतं."

मुलं हसली. मग मी विचारलं, "आता खरं बोला. तर रुतते की नाही?"

वर्ग गप्प. कोकणातली मुलं गप्प बसली की भिंत बरी. त्यांच्या माना खाली आणि नजरा तिरक्या यमुनेकडे. शेवटी तीच उभी राहिली.

"रुतते, सर. पण ते लिहायचं नाही असं आम्ही ठरवलंय."

"का गं?"

"रुतते म्हणून लिहिलं तर साहेब विचारेल, मग तुम्ही शाळेत येता कसे. धोंडूतात्या आम्हाला कातळावर उतरवतो."

मग सगळं बाहेर आलं. धक्क्याच्या जरा खाली जांभ्याचा कातळ पाण्यात घुसलेला होता. तिथे ओहोटीलाही होडीपुरतं पाणी राही. वाळू उघडी पडली की धोंडूतात्या होडी तिकडे वळवी आणि मुलांना हात देऊन वर चढवी. पण मक्त्यात उतरायची जागा एकच, धक्का. दुसरीकडे माणूस उतरवला की तांडेलावर ठपका. मक्तेदाराचा माणूस धक्क्यावरच्या सावलीत बसे. त्याला कातळापर्यंत चालत जायचा कंटाळा, म्हणून तो कानाडोळा करी. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर धोंडूतात्याची नोकरी जाऊ शकत होती.

"आपल्या माणसाचं सायबापुढे कसं उघडं करायचं, सर?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

देशावर आमच्याकडे भांडण झालं की आधी चावडी गाठतात. इथली माणसं घरात एकमेकांशी कडाकडा भांडतील, पण परक्यासमोर शब्द बाहेर पडू द्यायची नाहीत. मला त्या मुलांचा राग आला होता, आणि त्यांचं कौतुकही वाटत होतं. स्वतःची शाळा बुडायची वेळ आली तरी त्यांनी त्या म्हाताऱ्याला वाचवलं होतं. पण त्या वाचवण्याने मक्तेदार खरा ठरत होता आणि मुलं खोटी.

मी म्हटलं, "कातळाचं लिहिल्याशिवाय तर चालू राहत नाही. आणि तात्याला न विचारता लिहायचं नाही. चला."

शाळा सुटल्यावर यमुनेला आणि दोन मुलग्यांना घेऊन मी धक्क्यावर गेलो. धोंडूतात्या वल्ह्याला दोर आवळत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि दोर जरुरीपेक्षा जास्त आवळत राहिला.

"म्हंजे माजं नाव घालून लिवनार? इंग्रजीत?"

"नाव नको असेल तर नुसतं 'तांडेल' लिहू," मी म्हणालो.

"तांडेल म्हंजे दुसरा कोन हाय हितं? माजा बापूस?" तो यमुनेकडे वळला. "तुज्या आजोबाला मी ह्या व्हडीतून नेलाय गो. आनि तू माज्यावर रपोट करतंस?"

यमुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे सरली नाही. "तात्या, नाय लिवलं तर मी उद्यापासून घरी. मग तू कुनाला कातळावर उतरवशील?"

घरची बोली तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. वर्गात ती फार जपून बोले. धोंडूतात्याने दोर खाली टाकला. मग म्हणाला, "लिवा काय लिवायचं ता. पन लिवायचंच तर धड लिवा. कुनी पडला नि बुडला अशी एक गोष्ट दाखवा म्हनावं सायबाला." एवढं बोलून तो होडीत जाऊन पाठमोरा बसला. पलीकडे जाईपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दुसरा रिपोर्ट यमुनेने लिहिला आणि वर्गाने कापला. मी नियम एवढाच घातला होता: स्वतः पाहिलं असेल ते ठेवा, ऐकलं असेल ते खोडा. एका मुलाला 'संपूर्ण जिल्ह्याची मागणी' असं घालायचं होतं. यमुना म्हणाली, "जिल्हा तुझ्या घरी आला होता काय रे विचारायला?" ते वाक्य गेलं. मी फक्त क्रियापदं सुधारली. एक पानसुद्धा भरलं नाही. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: तर ओहोटीलाही चालू ठेवावी अशी आमची विनंती आहे. ओहोटीला ती धक्क्यापाशी रुतते, हे मक्तेदाराचं म्हणणं खरं आहे. अशा वेळी तांडेल आम्हाला खालच्या कातळावर उतरवतो. त्याला तशी परवानगी नाही. तिथे आमच्यापैकी कुणी पडलेलं आम्ही पाहिलेलं नाही. तिथे उतरायला मंजुरी द्यावी आणि दगडात पायऱ्या कराव्यात. आपण एखाद्या ओहोटीला येऊन पाहावं.

हेडमास्तरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. "म्हाताऱ्याला अडकवलंत की हो."

"त्याला विचारून अडकवलंय," मी म्हणालो.

त्यांनी खाली सही केली आणि सोबत स्वतःचं एक पत्र जोडलं की, मजकुराची जबाबदारी हेडमास्तर म्हणून माझी. त्या काळी शाळेला मिळणारी ग्रँट साहेबलोकांच्या मर्जीवर असे. ही सही त्यांनी किती सहज केली हे आठवलं की आजही मला भरून येतं.

साहेब खरोखरच आला. ओहोटी पाहून आला. टोपी मांडीवर घेऊन मुलांच्या मधोमध बसला. होडी कातळाला लागली तेव्हा धोंडूतात्याने त्यालाही हात दिला, पण साहेबाला हात घ्यायचा नव्हता. शेवाळावर त्याचा बूट सरकला आणि पाटलोणीचा एक पाय गुडघ्यापर्यंत भिजला. मुलांनी ओठ आवळून धरले. मला वाटलं, संपलं सगळं! साहेबाने पाय झटकला, कातळ नीट पाहिला आणि यमुनेला विचारलं, "पायऱ्या नेमक्या कुठे?" तिने बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, "जिथे आपण आत्ता घसरलात तिथेच, सर."

साहेब मोठ्याने हसला. तर चालू राहिली, कातळाला मंजुरी मिळाली, आणि पायऱ्या करून देणं मक्तेदाराच्या गळ्यात पडलं. मात्र जाताना परवानगीशिवाय उतारू उतरवल्याबद्दल साहेबाने धोंडूतात्याला सगळ्यांदेखत खरमरीत सुनावलं. नोकरी राहिली, पण मान गेला. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

त्या दिवसापासून त्याने यमुनेशी अबोला धरला. थेट ती मॅट्रिक होईपर्यंत. गंमत अशी की, तिला बागेतून यायला उशीर झाला की तो तर सोडत नसे. उतारू ओरडायचे, "अरे तात्या, हाक की!" हा आपला दोर सोडतोय, पुन्हा बांधतोय. ती धापा टाकत येऊन बसली की एक शब्द न बोलता वल्हं उचलायचा. कातळावर हातही द्यायचा, पण तोंड दुसरीकडे करून.

यमुना मॅट्रिक पास झाली तेव्हा अप्पांना पुढच्या शिक्षणाचं गळी उतरवायला मी तिच्याबरोबर पलीकडे निघालो. होडीत तिने धोंडूतात्याच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "तात्या, आता तरी राग सोड."

त्याने पेढा तोंडात टाकला. अर्ध्या खाडीपर्यंत तो चघळत होता. मग वल्हं थांबवून म्हणाला, "खरा लिवलंस म्हनून रागावलो गो. खोटा लिवलं असतंस, तर मी रागवायला तू ह्या व्हडीत असतीस काय?"

यमुना रडायला लागली, आणि मी खाडीकडे बघत बसलो.

पुढे कित्येक वर्षं मी मुलांना रिपोर्ट शिकवला. वाक्य आखूड ठेवा, मागणी वर घ्या, हे सगळं सांगितलं, आणि ते कामाचंच आहे. पण आपल्या बाजूचं उणं लिहायची वेळ आली, तर ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी जाऊन भेटा, हे मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. ते मुलांना धक्क्यावर नेऊन सांगत असे.