एकदा दाबायचं, हात मांडीवर

मुळेतात्या माउसचं बटण एकदा दाबायचे, लगेच हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे. दार वाजवून आतल्या माणसाची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे. यादी उघडली नाही की मान डोलवायचे, मग हात परत माउसवर जायचा, दुसऱ्यांदा दाबायला. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी नवीन लागले तेव्हा ह्या प्रकाराचं मला फार हसू यायचं. एका शेतकऱ्याची नोंद काढायला ते जेवढा वेळ घेत, तेवढ्यात मी पाच काढायची.

तात्यांची जवळजवळ सगळी नोकरी रजिस्टरं लिहिण्यात गेली होती. संगणक त्यांच्या वाट्याला उतारवयात आला. मी अंबडच्या कॉम्प्युटर क्लासमधून डिप्लोमा करून आलेली, हंगामी ऑपरेटर. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस मला 'मॅडम' म्हणायचा, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पडद्याच्या डाव्या बाजूला गटांची नावं असत. गट उघडला की त्याखाली गावं उलगडत, गाव उघडलं की शेतकरी, आणि शेतकऱ्याच्या नावाखाली त्याचे उसाचे प्लॉट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे उघडायला झटपट दोन क्लिक लागत. तात्यांच्या दोन क्लिकमध्ये चहाचा घोट मावला असता. संगणकाला वाटे, ह्यांना नाव बदलायचंय. गावाच्या नावाभोवती चौकट येई आणि आत रेघ लुकलुकत राही. एकदा त्यांचं कोपर कीबोर्डवर टेकलं आणि एका अख्ख्या गावाचं नाव 'कककक' झालं.

"नाव बदलायचं का म्हनून इचारून राह्यलंय मला," तात्या म्हणाले. "त्या गावाचं नाव बदलनारा मी कोन, मॅडम?"

सगळं ऑफिस हसलं. माउस आणि मुळेतात्या ही आमची नेहमीची गंमत होऊन बसली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात ह्या हसण्याचा हात आहे.

मग एका दिवाळीनंतर, हंगामाच्या तोंडावर नवीन सॉफ्टवेअर आलं. त्यात सगळं एका क्लिकवर. गावावर एकदा दाबलं की यादी उघडणार, पुन्हा दाबलं की मिटणार. प्लॉटवर एकदा दाबलं की तो तोडणीच्या यादीत जाणार, पुन्हा दाबलं की बाहेर येणार. आमची बोटं दोनदा दाबायला सरावलेली. पहिले दोन दिवस गावं उघडत होती आणि डोळ्यांदेखत मिटत होती. आम्ही सगळे वैतागलो. तात्या मात्र खूश. त्यांचा पहिला क्लिकच बरोबर बसत होता.

"ह्ये माझ्यासारखंच हाय," ते म्हणाले. "संगनक काय बहिरा न्हाई. येकदा सांगितलेलं आयकतो. येकदा दाबायचं, हात मांडीवर."

तिसऱ्या दिवशी दुपारी सरूबाई आल्या. वडीगोद्रीच्या पुढच्या एका गावातल्या, नवरा नसलेल्या, एका प्लॉटच्या धनी. तात्या वजनकाट्यावर गेले होते आणि माझा संगणक बंद पडला होता, म्हणून मी तात्यांच्या खुर्चीवर बसून काम करत होते. सरूबाईंचं गाव उघडलं, नाव उघडलं, प्लॉट दाबला. माझ्या बोटाने तो दोनदा दाबला. खूण आली आणि गेली. तेवढ्यात कोणीतरी मला हाक मारली होती, मी मान वळवलेली होती. "झालं मावशी," मी म्हटलं.

तात्या परत आले. "झालं का मॅडम?" त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हटलं. मग ते सरूबाईंकडे वळले. "निर्धास्त जावा. तोडनीची टोळी कधी बी येईल, बांध दाखवायला मानूस लागतं. फक्त घर सोडू नका."

हंगाम संपत आला तेव्हा शिल्लक उसाची यादी निघाली आणि तीत सरूबाईंचा प्लॉट होता. उसाला तुरे येऊन वाळत चालले होते. तात्यांनी तिथल्या तिथे फोन लावून टोळी पाठवली, ऊस तुटला. प्रकरण मिटलं असं मला वाटलं. दोन दिवसांनी सरूबाई ऑफिसात आल्या आणि तात्यांच्या टेबलासमोर बसल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"भैन जालन्याला दवाखान्यात व्हती," त्या म्हणाल्या. "तीनदा निरोप आल्ता, सरूला आना म्हनून. मी म्हनलं, टोळी आज येईल, उद्या येईल. तुम्ही म्हनले व्हते ना, घर सोडू नका. गेली ती. मी माती द्यायला गेले निस्ती."

मी शेजारच्या टेबलावर होते. एक कागद उलटा-सुलटा करत राहिले.

साहेबांनी चौकशी लावली. संगणकात सगळं राहतं: कोणाच्या खात्यातून, किती वाजता. प्लॉट निवडला आणि त्याच सेकंदाला काढला. खातं तात्यांचं. साहेब हसले, कंटाळून. "तात्या, तुमचा माउस." ऑफिसातल्या एकालाही शंका आली नाही. आली असती तर नवल.

तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एका सेकंदात दोनदा दाबणारं बोट त्यांचं नाही, हे त्या खोलीत दोघांनाच नीट माहीत होतं. मी हंगामी होते, मला कायम व्हायचं होतं. मी खाली बघितलं.

"माझ्याच हातून झालं, साहेब," तात्या म्हणाले.

त्यांना लेखी समज मिळाली. मी पुढच्या वर्षी कायम झाले. ह्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटले असते. फक्त हंगाम सुरू झाला की एखाद्या सकाळी, काही संबंध नसताना, म्हणायचे, "मॅडम, वडीगोद्रीकडची बस दहाला हाय. फाट्यावर उतरलं की दहा मिनटं पायी." मी 'कशाला?' असं विचारायची नाही. 'बरं' म्हणायची आणि कामाला लागायची. निवृत्त झाल्यावरही अंबडच्या स्टँडवर भेटले तर इकडचं तिकडचं बोलून शेवटी तेच. "टाइम बदलला न्हाई अजून. दहालाच हाय."

मला त्यांचा राग येऊ लागला होता, हेही सांगून टाकते. ते दिसले की मी रस्ता बदलायची. पण ते गाव कुठे टाळणार? रोज पडद्यावर ते यायचंच. दुसऱ्या नावांवर सरळ चालणारं माझं बोट त्या एका गावावर आलं की हमखास दोनदा पडायचं. गाव उघडायचं, यादीत सरूबाईंचं नाव दिसतंय न दिसतंय तोवर मिटायचं. मी पुन्हा दाबायची, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावर नवीन माणूस आला होता, तरी मला तिकडे मांडीवर ठेवलेला हात दिसायचा.

ह्या श्रावणात तात्या गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, मला आत जाववलं नाही. दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला, आणि त्या सकाळी बसची वेळ सांगायला कोणी नव्हतं. मी रजा टाकली आणि दहाची बस धरली. फाट्यावरून खरंच दहाच मिनिटं लागली.

सरूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. मी नाव सांगायच्या आधी म्हणाल्या, "तुम्हीच व्हत्या ना तव्हा खुर्चीवर. मी समोरच हुबी व्हते, बाई."

मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं?

"तात्याला म्हनलं व्हतं. त्यो म्हनला, कुनाला सांगू नका. ती आपल्या पायानं येईल, हंगामाच्या तोंडाला येईल, दहाच्या बसनं." त्यांनी पदर सारखा केला. "म्हनून हंगाम लागला की सकाळी मी कुठं जात न्हाई. बस गेली की मंग रानात जाते. हे चौथं वरीस."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मी पाणी प्यायले नाही. वाटेत बसमध्ये मी बरंच जुळवलं होतं: नवीन सॉफ्टवेअर, सवय, कोणीतरी मारलेली हाक. त्यातलं काहीच सांगितलं नाही. माझ्या हातून झालं आणि मी गप्प राहिले, एवढंच सांगितलं. एकदाच. मग हात मांडीवर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.