निखाऱ्यावरचा शास्त्रज्ञ
शेजारच्या गच्चीवर कुणी कबाबासाठी शेगडी पेटवली की मला वाळवंटातला तो हिवाळी तंबू आठवतो. रिफायनरीतले आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी तिथे मटण भाजायला जमलो होतो. आमचा पोलिश साहेब सायलेशिया या त्यांच्याकडच्या खाणपट्ट्यातल्या एका कोळशाच्या शहरातला. आपल्या शहरात कोण कोण थोर जन्मले हे तो नेहमी बोटांवर मोजून सांगायचा: शास्त्रज्ञ, फुटबॉलपटू, नटी. त्यातल्या शास्त्रज्ञाचा कोळशात कोरलेला मुठीएवढा पुतळा त्याने त्या दिवशी मुद्दाम दाखवायला आणला होता. “आणि तुझ्या गावात कोण जन्मलं?” त्याने मला विचारलं. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. मी म्हणालो, “माझे वडील. शाळामास्तर होते.” “मी थोर माणसांबद्दल विचारतोय,” तो म्हणाला आणि सगळे हसले. मी पुतळा उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत निखाऱ्यांवर ठेवला. डांबराच्या वासाचा पिवळट धूर उठला. “अरे भावा, मटणाची वाट लावलीस की!” रत्नागिरीचा मित्र ओरडला. साहेबाने चिमट्याने पुतळा ओढून घ्यायला पाहिलं, तोवर तो तडकून फुटला होता. “माझे वडील खाणीत कामाला होते,” तो हळूच म्हणाला, “त्यांनी कोरला होता.” मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही. त्याच्या वडिलांबद्दल मला आज वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण ते हसणं आठवलं की वाटतं, दुसरा पुतळा असता तर तोही ठेवला असता.