व्हरांड्यातली दशमी

भाकरी बांधलेलं फडकं कितीही धुतलं तरी त्याचा लसणाचा वास जात नाही. शाळेच्या डब्यांच्या गोष्टींचं तसंच आहे. शैला, गंगू आणि मी आता अकरावीत आहोत. सातवीत शिकलेलं व्याजाचं गणित तिघींनाही आठवत नाही, पण कुणाच्या डब्यात कुठल्या दिवशी काय होतं ते मात्र तोंडपाठ! एकीनं सुरुवात केली की दुसरी म्हणते, "आणि ते दुधाचं?" मग घंटा झाली तरी कुणी उठत नाही. मी बोलते कमीच. म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं.

* * *

शैलाचे वडील तहसील कचेरीत कारकून. आम्ही सातवीत असताना त्यांची सोलापूरहून बदली झाली होती. पहिल्याच दिवशी तिनं डबा उघडला तर आत पाव! एस.टी.नं सोलापूरहून आलेला, परवाचा. मुलं लांबून माना उंच करून बघत होती.

"तब्येतीला हलका असतो," शैला म्हणाली आणि एक तुकडा गंगूपुढं धरला. गंगूनं तो तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"हलका हाय खरा," ती म्हणाली. "खाल्लाय का न्हाय त्येच कळंना!"

दुसऱ्या दिवसापासून शैलाच्या डब्यात भाकरी आली.

* * *

आमचे वर्गशिक्षक म्हणजे नाना गुरुजी. आरोग्याचा धडा ते फार रंगवून शिकवत. दूध, फळं, पालेभाजी, तूप असा चौरस आहार त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं काढला. तुपाची वाटी तर इतकी सुबक की मागच्या बाकावरच्या मुलांनी आवंढा गिळला.

पाटलांच्या दत्तूनं हात वर केला. "गुरुजी, तुमी आज सकाळी काय खाल्लं?"

गुरुजी चिडले. "मी इथं शिकवायला येतो. खायला नाही!"

* * *

आता व्हरांड्याचं सांगते.

शिवाशिव कायद्यानं बंद झाली होती. तेव्हा गुरुजी कुणालाच लांब बस म्हणत नसत. त्यांनी फक्त एक नियम केला. "दशमीवाले व्हरांड्यात. भाकरीवाले कुंपणापाशी. स्वच्छतेसाठी हो, दुसरं काही नाही!"

दशमी म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी. पाण्याचा हात लागलेला नसतो, म्हणून ती कुठंही बसून खाल्लेली चालते, असं आमच्या घरीही मानतात. आमची काकू मला रोज दशमीच देई. शैलाच्या आईनं पिठात चमचाभर दूध टाकून प्रश्न मिटवला. गंगूचं घर गावकुसाबाहेर. तिच्याकडं म्हैस नाही, शेळीही नाही. ती आणि तिच्या वस्तीतली दोन मुलं कुंपणाजवळच्या बाभळीखाली बसत. बाभळीची सावली किती, ते सांगायला नको. काटे मात्र भरपूर.

दत्तूच्या फडक्यात पाण्यातलीच भाकरी असे आणि तो खुशाल व्हरांड्यात बसे. शैलानं एकदा धीर करून सांगितलं, "गुरुजी, याची दशमी नाही."

"त्यांच्या घरी म्हशी आहेत," गुरुजी म्हणाले. "म्हणजे झालंच की!"

दूध भाकरीत नसलं तरी गोठ्यात असलं की पुरे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

* * *

त्याच वर्षी शाळेत दुधाची भुकटी आली. पांढऱ्याशुभ्र भुकटीची पोतीच्या पोती. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर भाषण केलं, "मुलांनो, हे सातासमुद्रापलीकडच्या गाईंचं दूध आहे!"

मागून आवाज आला, "मग त्या इंग्रजीत हंबरत्यात का?"

दत्तू तासभर उन्हात उभा राहिला, पण प्रश्न बरोबर होता असं तो अजून म्हणतो.

शिपाई हुसेनचाचा मोठ्या पातेल्यात भुकटी कालवून पेला पेला वाटत. नाना गुरुजी त्या पातेल्याकडं पाहतही नसत. "कसल्या गाई, काय खातात, देव जाणे!" पण शिक्षकांच्या खोलीतला चहा त्या दिवसांत एकदम दाट व्हायला लागला. गंगूनं हुसेनचाचांना विचारलं, "चाचा, गुरुजीस्नी ही भुकटी चालत न्हाय म्हनं. मग चहात?"

चाचा पातेलं घासत म्हणाले, "चाय में जाके सब घुल जाता, बेटी."

* * *

मग एके दिवशी गंगू फडकं घेऊन सरळ व्हरांड्यात आली आणि माझ्या शेजारी बसली.

"तू इथं कशी?" गुरुजींनी विचारलं.

"दशमी हाय, गुरुजी."

"दूध कुठलं?"

"शाळेचंच. म्या पेला घेतला न्हाय. चाचांनी कागदात भुकटी दिली. आयनं त्यात पीठ भिजवलं."

गुरुजी विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "भुकटी म्हणजे एक पीठच. पिठात पीठ कालवलं. त्यात दूध कुठं आलं?"

गंगू उठून बाभळीखाली गेली. संध्याकाळी वाटेत म्हणाली, "आय म्हनती, काट्यातच बसून खायचं तर रानातबी खाता येती की भाकरी. सोमवारपासनं खुरपायला चल म्हनती. डिप्टीसायेबापुढं कविता म्हनायचीय, तेवढी म्हनते आन् सोडते शाळा."

शैला रडायला लागली.

* * *

शनिवारी उस्मानाबादहून शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले. मुलांना दूध पोचतं का, हेच बघायला. ते येणार म्हणून आदल्या संध्याकाळी व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सर्व समान' असं रंगवलं होतं. रंग अजून ओला होता.

गंगूची कविता झाली. चुकणं नाही, अडखळणं नाही. मधल्या सुट्टीत साहेब म्हणाले, "मी मुलांतच बसतो." आणि व्हरांड्यात बसलेही. बाभळीकडं बोट करून त्यांनी विचारलं, "ती कवितावाली मुलगी तिकडं का?"

"तिला मोकळी हवा आवडते, साहेब!" गुरुजी म्हणाले.

"बोलवा तिला. आणि काय हो, या भुकटीच्या दुधाबद्दल लोक कुरकुर करतात म्हणे?"

"छे छे! मी तर रोज सांगतो. म्हशीच्या दुधात आणि या दुधात तसूभर फरक नाही!"

गंगू तोवर व्हरांड्याच्या पायरीशी आली होती. तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली.

"मग घ्या की, गुरुजी. दशमी हाय. शाळेच्या दुधातली."

"वा!" साहेब खूष झाले. "घ्या गुरुजी, घ्या. मुलगी प्रेमानं देतेय."

गुरुजी मागं सरकले. मागं भिंत होती. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि घास घेतला.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम!" गुरुजी घास गिळत म्हणाले. "दुधाचा गोडवा लगेच कळतो."

गुरुजी वळले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कोटावर पाठभर 'समान' उलटं उमटलं होतं. हेडमास्तरांनी पाहिलं, पण सांगितलं नाही.

संध्याकाळी वाटेत मी गंगूला म्हटलं, "बरं झालं, आज भुकटी होती."

"कुठली भुकटी?" गंगू म्हणाली. "ती रातीच आमच्या बारक्यानं चाटून संपवली. सकाळी आयनं निस्त्या पाण्यात पीठ भिजवलं."

सोमवारी ती खुरपायला गेली नाही. मधल्या सुट्टीत फडकं घेऊन व्हरांड्यात आली आणि माझ्या शेजारी बसली. नाना गुरुजी येरझाऱ्या घालत होते. ते आमच्यापाशी थांबले. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"आज दशमी आहे का गं?"

"व्हय गुरुजी," गंगू म्हणाली. "परवाच्यासारखीच."

"मग बस," म्हणाले, आणि पुढं गेले.