जांभळाची वाट पाहणारी वाइन

श्रीधर गेल्याचा फोन बदलापूरहून आला तेव्हा मी चहा घेत होतो. कप खाली ठेवला, आणि पहिला विचार आला तो त्याच्या माळ्यावरच्या बरण्यांचा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. जमेल तेवढं बोलतो.

श्रीधर माझा धाकटा साडू. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. ऐंशीच्या दशकात कंपनीने त्याला तीन आठवडे फ्रान्सला पाठवलं. तिथे एका रविवारी त्याने कुणा म्हाताऱ्याचा द्राक्षमळा पाहिला. जुने वेल, फवारणी नाही, रस आंबवायला यीस्टची पावडर नाही, माल कमी पडला तर शेजाऱ्याची द्राक्षं विकत घ्यायची. त्या एका रविवारच्या जोरावर हा गृहस्थ पुढे बारा वर्षं आम्हाला वाइन शिकवत राहिला. सहा दिवस ॲसिडच्या टाक्या सांभाळायच्या आणि सातव्या दिवशी म्हणायचं, रसायन म्हणजे विष!

बदलापुरात जुने वेल कुठले? त्याने परसातलं जुनं जांभूळ नेमलं. द्राक्षं कल्याणच्या बाजारातून, आणि दोन्हींची मिळून एकच वाइन. आता साधा हिशेब. द्राक्षं मार्चमध्ये, जांभळं जूनमध्ये. मधले तीन महिने द्राक्षांचा रस माळ्यावरच्या बरण्यांत, तोंडाला फडकं बांधून जांभळांची वाट बघत बसायचा. तो आंबणार नाही तर काय?

"दोन्ही वेगवेगळ्या कर ना," मी दरवर्षी सांगायचो.

"मग जुन्या झाडाचा गुण कसा उतरणार, मधूभाऊ?"

दर दिवाळीला बाटली घेऊन तो उल्हासनगरला आमच्याकडे हजर. बाकीचे पाहुणे 'वा वा' म्हणून हळूच कुंडीत ओतायचे. त्याला ते पुरायचं नाही. त्याला माझा शब्द हवा असायचा.

"तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो."

"व्हिनेगर आहे, श्रीधर."

"यंदा झोपलीय ती. पुढच्या वर्षी जागी होईल."

"कुंभकर्ण बरा, सहा महिन्यांनी तरी उठायचा," त्याची बायको कुंदा म्हणायची.

शेवटच्या दिवाळीला धाप लागत असतानाही तो आमचे दोन जिने चढून आला. ग्लास पुढे केला, नजर माझ्या तोंडावर. मी तेच उत्तर दिलं. गोड बोललो असतो तर त्याने लगेच ओळखलं असतं... आणि बारा वर्षांचं विचारणं फुकट गेलं असतं.

तेराव्यानंतर कुंदाने उरलेल्या बाटल्या आमच्याकडे पाठवल्या. हिने त्यात छोटे कांदे मुरवले. आता जेवताना रोज दोन माझ्या ताटात असतात. वाइन ती नव्हतीच, कधीच नव्हती. पण असे कांदे मी कुठल्या हॉटेलात खाल्लेले नाहीत. आंबटपणा ओसरला की जिभेवर थोडा तुरटपणा मागे राहतो... तो जांभळाचा. झाडाचा गुण उतरला होता.