मापाडी काढलेले जंतू

आमच्या लोणावळ्याच्या घरात एका घसादुखीने मुलीच्या हृदयाची झडप बिघडवली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी मीच बंद केल्या. आता दर एकवीस दिवसांनी तिला कमरेत इंजेक्शन घ्यावं लागतं. परवा बावन्नावं झालं. दर वेळी ती ओठ चावते आणि मी घसादुखीच्या त्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर दात खातो.

माझी पुतणी पुण्यात याच जंतूंवर संशोधन करते. मी हट्टाने तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिने दोन नळ्या दाखवल्या. दोन्हींत जंतू सोडले होते आणि जस्तही सारखंच घातलं होतं. एक नळी गढूळ होती, दुसरी नितळ.

"आपल्या पांढऱ्या पेशी याला जस्ताने मारायला बघतात," ती म्हणाली. "पण त्याच्यात एक प्रथिन असतं, बाजार समितीतल्या मापाड्यासारखं. जस्त जास्त झालं की ते ओळखतं आणि जस्त बाहेर फेकणारं जनुक चालू करतं. म्हणून हा घशात तग धरतो. नितळ नळीतल्यांचा मापाडी आम्ही काढून टाकलाय."

"मग हे मेले?"

"मेले. पण बाहेरचे सगळे मापाड्यासकट आहेत, काका. इंजेक्शन चुकवू नका."

मी त्या नितळ नळीकडे मन भरेपर्यंत पाहिलं.

"मरताना यांना दुखलं असेल का गं?"

"जंतूंना दुखत नाही, काका."

एवढ्या लांब येऊन तेवढाच माझा विरस झाला.